शिक्षणसंस्थेचे चालक कसे निवडावे?

“तुमची शाळा कोण चालविते?” असा प्रश्न वर्गात केला असता बहुतेक मुले मुख्याध्यापकांचे नाव सांगतात. काही मुले “सरकार” असे उत्तर देतात. आणि एखादा चौकस विद्यार्थी संस्थेच्या अध्यक्षांचे नाव घेतो, कारण स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बसलेले त्याने पाहिलेले असते. ह्या तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु ह्यापुढचा प्रश्न केला, की “त्या अध्यक्षांना अध्यक्ष कोणी केले?”, म्हणजे वर्ग गप्प होतो. घरी पालकांस हाच प्रश्न विचारून पाहावा. तेथेही पुष्कळदा हीच स्थिती आढळेल. ज्या संस्थेच्या हाती आपण आपली मुले दहा-दहा वर्षे सोपवितो, तिचे चालक कोण निवडतो व कसे निवडतो, ह्याची माहिती आपणांस नसावी ही गोष्ट चांगली नव्हे. म्हणून ह्या लेखात त्या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

संस्था म्हणजे काय?

काही समविचारी माणसे एकत्र येतात, आपल्या भागातील मुलांना विद्या मिळावी असा हेतू मनात धरतात, वर्गणी जमवितात, नियम ठरवितात आणि सरकारदरबारी आपल्या मंडळाची नोंद करतात. अशा रीतीने नोंदलेल्या मंडळास आपण संस्था म्हणतो. १८६० सालच्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे अशी संस्था स्थापण्यास निदान सात माणसे लागतात. त्यांना दोन लेख सादर करावे लागतात. पहिल्या लेखात संस्थेचे नाव, तिचे उद्देश व तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळातील व्यक्तींची नावे असतात. दुसऱ्या लेखात तिचे नियम असतात. सभासद कोणास होता येईल, वर्गणी किती द्यावी, सर्वसाधारण सभा केव्हा भरवावी, निवडणूक किती वर्षांनी घ्यावी, हे सर्व ह्या नियमांवरून ठरते. ह्या दोन्ही लेखांस मिळून व्यवहारात संस्थेची घटना असे म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही व्हावी लागते, आणि मग तिच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख राहते. आमच्या परतवाड्याच्या लोकांना ह्या कामासाठी मुंबईस जावे लागत नाही. अमरावतीसच त्यांचे कार्यालय आहे.

मालक नव्हे, विश्वस्त

ह्या दोन्ही कायद्यांतून एकच तत्त्व निघते. शाळेची जमीन, इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय व बँकेतील पैसा ह्यांपैकी कशाचाही मालक अध्यक्ष नव्हे, चिटणीस नव्हे आणि सभासदही नव्हेत. ते सर्व विश्वस्त होत. १८६० सालच्या अधिनियमातील एक कलम ह्या दृष्टीने फार बोलके आहे. उद्या संस्था मोडावी लागली, तर कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांस आपापसांत वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेस द्यावी लागते. १९५० सालच्या अधिनियमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून संस्थेची जमीन अथवा इमारत विकता येत नाही, आणि हिशेबाची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते.

आपल्या वऱ्हाडास हे तत्त्व परके नाही. शेणगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्यांसाठी लोकांकडून पैसा जमविला, आणि त्या विश्वस्तांच्या हाती देऊन आपण पुन्हा खराटा व गाडगे घेऊन वाटेस लागले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लोकांच्या पैशाने उभारलेली वस्तू लोकांची, हे तत्त्व कायदा न वाचताही त्यांना उमगले होते.

वऱ्हाडातील एक मोठे उदाहरण

आपल्या जिल्ह्यातील सर्वांस ठाऊक असलेली संस्था म्हणजे अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था. पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख हे एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील शिक्षण संपवून आणि बॅरिस्टर होऊन वऱ्हाडात परतले. शेतकऱ्याच्या मुलास गावाबाहेरचे शिक्षण मिळत नाही, हे त्यांना दिसत होते. म्हणून त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली ही संस्था स्थापन केली. त्या वेळी ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे शिक्षणमंत्री होते. देवस्थानांची संपत्ती ही लोकांची असून तिचा विनियोग लोकहितासाठी व्हावा, ह्या हेतूचे विधेयकही त्यांनी त्याच सुमारास कायदेमंडळात मांडिले. ह्यावरून सार्वजनिक पैशाकडे ते कोणत्या दृष्टीने पाहत होते हे कळून येईल.

पुढे संस्थेच्या शाळा व महाविद्यालये वऱ्हाडभर पसरली. अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. परंतु ते पाहण्यास संस्थापक हयात नव्हते. १९६५ च्या एप्रिल महिन्यात पंजाबरावांचे देहावसान झाले होते.

येथे विद्यार्थ्यांनी विचार करावा. संस्थापक हयात असता त्याच्या शब्दास वजन असते. त्याचा त्याग लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो गेल्यावर संस्था कोणाच्या विश्वासावर चालावयाची? ती घटनेच्या व सभासदांच्या विश्वासावर चालावयाची. श्री शिवाजी शिक्षण संस्थेत आजीव सभासद मतदान करून अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष व कार्यकारिणीचे सदस्य निवडतात. २०२२ सालच्या निवडणुकीत उमेदवार गट करून उभे होते, प्रचार झाला, आणि एखाद्या सार्वत्रिक निवडणुकीप्रमाणे वृत्तपत्रांतून तिची चर्चा झाली. मत देणारे सभासद काही शेकडा. त्यांच्या मतावर ज्यांचे शिक्षण अवलंबून, ते विद्यार्थी मात्र हजारोंच्या संख्येने. विद्यार्थ्यास तेथे मत नाही आणि तो सभासद नसल्यास त्याच्या बापासही नाही. म्हणून अशा निवडणुकीत मत देणारा सभासद स्वतःपुरते मत देत नसतो. ज्यांना बोलता येत नाही अशा पुष्कळांच्या वतीने तो ते देत असतो.

निवडणूक यादीपासून सुरू होते

निवडणूक म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे मतपेटी येते. आमच्या मते खरी निवडणूक त्यापूर्वी पुष्कळ दिवस, सभासदांच्या यादीत होऊन गेलेली असते. कोणाचे नाव घेतले, कोणाचा अर्ज निर्णयावाचून पडून राहिला, कोणाची वर्गणी वेळेवर स्वीकारली, कोणास पावती मिळाली नाही, ह्यांवरून निकालाचा अर्धा भाग ठरतो. कायद्यानेही सभासदत्वाची सांगड यादीशीच घातली आहे. नियमाप्रमाणे प्रवेश मिळालेला, वर्गणी भरलेला अथवा यादीत सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला असा मनुष्य हा सभासद होय. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी ज्याला परत जावे लागते, त्याचे मत पुष्कळदा वर्षापूर्वीच बुडालेले असते. आणि ते चालकांच्या कपटाने बुडाले की त्याच्या स्वतःच्या आळसाने, हे पाहू गेल्यास दोहोंचा थोडाथोडा वाटा निघतो.

ह्यास्तव यादीविषयी तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, यादी वर्षभर उघडी असावी आणि कोणाही सभासदास पाहता यावी. दुसरी, नव्या अर्जांचा निर्णय ठराविक मुदतीत व्हावा आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे. तिसरी, निवडणुकीच्या तोंडावर एकदम नवी भरती होऊ नये. मतदानापूर्वी अमुक दिवस यादी पक्की करून ती सूचनाफलकावर लावावी व तिच्यावरील हरकती ऐकाव्या.

सभेची वेळ व जागा ह्यांचाही विचार ह्यातच येतो. मृगाच्या पेरणीत किंवा कापसाच्या वेचणीत सभा बोलाविली, तर शेतकरी सभासद येणार कसा? धारणीच्या सभासदास अमरावतीस जावयाचे तर सेमाडोहचा घाटरस्ता उतरून परतवाड्यास यावे लागते आणि तेथून पुढे पन्नास किलोमीटर प्रवास करावा लागतो. त्याला चार दिवस आधी पत्र मिळून काय उपयोग? सभेची सूचना कागदावर नियमानुसार असली तरी, तिच्यामुळे ज्यांचे येणे अशक्य होते त्यांच्या बाबतीत ती नसल्यासारखीच समजावी.

मते मोजण्याच्या रीती

आता थोडे गणित करू. एका कल्पित संस्थेत ४०० सभासद आहेत व ९ जागा भरावयाच्या आहेत. प्रत्येकास ९ मते आहेत. पण एका उमेदवारास एकच मत देता येते. सभासदांत दोन गट आहेत, एक २२० चा व दुसरा १८० चा. प्रत्येकाने आपल्या गटाप्रमाणे मत दिले, तर पहिल्या गटाच्या नऊही उमेदवारांस प्रत्येकी २२० मते पडतील, दुसऱ्याच्या नऊही उमेदवारांस १८०. म्हणजे ४०० पैकी १८० सभासदांचा एकही माणूस मंडळात जाणार नाही. निकाल नियमाप्रमाणे झाला हे खरे. परंतु पुढील पाच वर्षे मंडळाच्या बैठकीत विरुद्ध बाजूने एकही प्रश्न विचारला जाणार नाही.

इंग्लंडात १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि लोकांनी निवडलेली शाळामंडळे स्थापन झाली. तेव्हा त्या लोकांनी ह्या अडचणीवर एक युक्ती योजिली. जितक्या जागा तितकी मते मतदारास द्यावयाची, आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याचीही मोकळीक ठेवावयाची. वरील उदाहरणात ही रीत लावून पाहा. लहान गटाची एकूण मते १८० गुणिले ९, म्हणजे १,६२०. ती त्याने चारच उमेदवारांत वाटली, तर प्रत्येकास ४०५ मिळतात. मोठ्या गटाची एकूण मते १,९८०. त्याने सहा उमेदवार उभे केले तर प्रत्येकास ३३० च पडतात. पाच केले तर ३९६. म्हणून लहान गटाचे चार निश्चित निवडून येतात व मोठ्या गटाचे पाच. बहुमताचे राज्य कायम राहते आणि अल्पमताचा आवाजही बैठकीत पोहोचतो.

त्याच निवडणुकीची दुसरीही एक गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्या मंडळांसाठी कर भरणाऱ्या स्त्रियांना मत देता येई आणि स्त्रियांना उमेदवार म्हणूनही उभे राहता येई. लंडनच्या पहिल्या मंडळावर डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस ह्या दोघी निवडून आल्या. त्यांपैकी गॅरेटबाईंना साऱ्या लंडनात सर्वांहून अधिक मते पडली. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क तेथील स्त्रियांना मिळाला तो त्यानंतर ४८ वर्षांनी, १९१८ साली. आणि तोही प्रथम काही अटींवर. मुलांच्या शाळेचा कारभार स्त्रियांस कळतो, हे त्या लोकांना इतर गोष्टींच्या आधी पटले. आपल्याकडील संस्थांच्या कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत, हे प्रत्येक विद्यार्थिनीने आपापल्या गावी मोजून पाहावे.

कोणास मत द्यावे?

उमेदवार आपल्या जातीचा आहे, सोयरा आहे, आपल्या गावचा आहे, किंवा त्याने मागे आपले एक काम केले आहे, ह्या कारणांवरून आपल्याकडे पुष्कळ मते पडतात. माणसास माणसाची ओढ असते. तिला आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. परंतु कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावयाची? ते कुंपण सोयऱ्याच्या हातचे होते, एवढ्याने खाल्लेले पीक परत येत नाही. मत देण्यापूर्वी सभासदाने पुढील गोष्टींची चौकशी करावी, असे आम्हांस वाटते.

१. मागील काळात हा मनुष्य मंडळात असल्यास किती बैठकांस हजर होता? इतिवृत्तावरून हे कळते.

२. तपासलेले हिशेब त्याने सभेपुढे वेळेवर ठेविले काय? त्यांवर कोणी प्रश्न केला असता त्याने उत्तर दिले, की प्रश्न करणारावर राग धरला?

३. इमारतीचे कंत्राट, पुस्तकांची वा गणवेशाची खरेदी ह्यांत त्याचा अथवा त्याच्या आप्तांचा काही लाभ आहे काय?

४. शिक्षकाच्या नेमणुकीविषयी त्याचे वर्तन कसे आहे? नेमणुकीसाठी पैसे मोजावे लागतात, ही बोलवा सर्वत्र ऐकू येते. ज्याने नोकरी विकत घेतली, त्याचा पहिल्या काही वर्षांतील जीव कर्ज फेडण्यात गुंततो; आणि जो बुद्धिमान तरुण पैशाअभावी मागे राहिला, त्याला तुमची मुले मुकतात. ह्या व्यवहाराची किंमत शेवटी वर्गात बसलेले मूल देते.

५. तो शाळेत येतो केव्हा? केवळ समारंभास, की एरवीही? पिण्याचे पाणी, मुलींची स्वच्छतागृहे व मेळघाटातून आलेल्या कोरकू मुलांची राहण्याची सोय त्याने कधी पाहिली आहे काय?

पराभूताचे कर्तव्य व विजयी झालेल्याचे काम

निवडणुकीत कोणी तरी हरणारच. हरलेल्याने सभासद म्हणून राहावे, सभेस यावे, प्रश्न विचारावे. अथवा राहणे मनास पटत नसेल, तर संस्थेस न फोडता बाजूस व्हावे. पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली व तिने १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज काढले. टिळक, आगरकर, आपटे अशी एकाहून एक प्रखर बुद्धीची माणसे तिच्यात होती. आजीव सभासदांच्या वेतनावरून व बाहेरच्या मिळकतीवरून त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. टिळकांचे म्हणणे बहुमतास मान्य झाले नाही. त्यांनी १८९० साली राजीनामा दिला आणि आपली शक्ती वृत्तपत्रांकडे व देशकार्याकडे वळविली. आपणच खरे मंडळ म्हणून त्यांनी दुसरे मंडळ उभे केले नाही, आणि कॉलेजही चालू राहिले.

आजच्या काळी ह्याच्या उलट प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसतो. निवडणुकीनंतर विश्वस्तांत जो बदल होतो, त्याचा अहवाल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. लोक त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. कधी एकाच संस्थेचे दोन गट दोन सभा भरवितात, दोन निवडणुका घेतात आणि दोन अहवाल देतात. चौकशी, अपील, त्यावर पुन्हा अपील, अशी वर्षे निघून जातात. तोवर नेमणुका अडतात, इमारतीची डागडुजी थांबते, आणि शिक्षकांनी कोणाचे पत्र मानावे हे त्यांना कळेनासे होते. पाचवीत असलेला मुलगा दहावी होऊन शाळा सोडतो, तरी खटला संपलेला नसतो. म्हणून विजयी मंडळाने पहिल्याच आठवड्यात दप्तर, शिक्के, बँकेची पुस्तके व मालमत्तेचे कागद यादी करून ताब्यात घ्यावे, आणि मावळत्या मंडळाने ते मुकाट्याने द्यावे. सभेचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून त्यावर सह्या घ्याव्या. ही कामे किरकोळ दिसतात. परंतु पुढील भांडणे बहुधा ह्यांच्याच अभावी होतात.

पालकांस दोन शब्द

“आम्ही सभासदच नाही, मग आम्ही काय करावे?” असे पुष्कळ पालक म्हणतील. त्यांस आमची विनंती अशी की, घटनेत मोकळीक असल्यास सभासद व्हावे. नसल्यासही एक दार उघडे आहे. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितले आहे. तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. अल्पसंख्य समाजांच्या व इतर अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती असते. परंतु चांगला सल्ला देणारा पालकही शाळेस हवाच असतो. ह्या समितीची निवड पालकांच्या सभेत होते, आणि त्या सभेस पुष्कळदा मोजके लोक येतात. त्यांतील दोघे नावे सुचवितात, बाकीचे माना डोलावतात. गाव करी ते राव न करी, अशी आपली जुनी म्हण आहे. पण त्यासाठी गावाने सभेस यावयास हवे.

वर्गात व घरी विचार करण्यासाठी

१. आपल्या गावातील एखाद्या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेचे वर्ष, तिचे उद्देश व तिच्या सभासदांची संख्या विचारून लिहून आणा.

२. ३०० सभासद व ५ जागा आहेत. एक गट १८० चा, दुसरा १२० चा. दोन्ही रीतींनी निकाल काढा.

३. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीसाठी पाच नियम तयार करा. त्यांत यादी, सूचना, मतदान, मोजणी व कारभार सोपविणे ह्या पाचही बाबी आल्या पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ वहीत ठेवू नका. पुढील वर्षी जूनमध्ये वर्गप्रमुख निवडताना ते नियम पाळून पाहा. ज्याला मत दिले नाही तो निवडून आला, तरी त्याचे ऐका, आणि त्याचे चुकले तर सर्वांदेखत पण सभ्यपणे त्याला विचारा. आणखी पंधरा-वीस वर्षांनी तुमच्यापैकी कोणी परतवाड्यात, कोणी अचलपुरात, कोणी चिखलदऱ्यात एखाद्या शाळेचे पालक अथवा सभासद असाल. त्या वेळी सभेचे पत्र घरी आले म्हणजे ते बाजूस टाकू नका. यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहा, वर्गणी भरलेली आहे की नाही ते पाहा, मागील वर्षाचा हिशेब वाचा, आणि सभेस वेळेवर जा.